आजाराची जाण

“पुन्हा म्हणा.”

“मी आजारी हुते.”

“पुढं?”

“आजारपणात म्या दीराबद्दल कायबाय बोलले. त्यात खरं न्हवतं.”

“भिंतीकडं बघून नाही, बायडाबाई. माझ्याकडं बघून. समितीतले लोक डोळ्यांत बघतात.”

बायडाबाईनं माझ्याकडं बघितलं, आणि तिला हसूच फुटलं. पदर तोंडाला लावून ती खुदुखुदु हसत राहिली. गोळ्यांमुळं तिच्या तोंडाला सारखी कोरड असायची, हात थरथरायचे, पण हसू मात्र शाबूत होतं.

“हसताय काय?”

“आवं, तुमाला तरी खरं वाटतंय का म्या म्हनते ते? तुमचंच त्वांड बगा की कसं झालंय.”

मला राग आला. तिचा नाही, सगळ्याचाच. बाहेर एप्रिलचं ऊन तापलेलं, स्त्री विभागामागच्या त्या खोलीत पंखा नाही, आणि मी एम.फिल. झालेली मानसशास्त्रज्ञ एका धडधाकट बाईला ‘मी वेडी होते’ असं घोकायला लावत होते. तेसुद्धा तिला बाहेर काढण्यासाठी! आज या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली, पण त्या खोलीतला फिनाइलचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. सरकारी मनोरुग्णालयात लागून आठ महिने झाले होते, नोकरी कायम व्हायची होती. आमच्या घरी तीन पिढ्या मागावर कापड विणणाऱ्या; पगारी नोकरी लागलेली पहिली मीच. वडील येईल त्या पाहुण्याला सांगायचे, “आमची विजया डोक्याची डाक्टर आहे.” मी डॉक्टर नाही हे त्यांना समजावून समजावून मी थकले होते.

आणि बायडाबाई मासाळ म्हणजे तरसवाडीची, छत्तीसेक वर्षांची विधवा. नवरा साप चावून गेलेला. सात एकर कोरडवाहू रान, एक विहीर, आणि एकुलती एक मुलगी, छबू. दीर भगवान मासाळ ग्रामपंचायतीचा सदस्य. त्याच्या मनात छबूचं लग्न आपल्याच मेव्हण्याशी लावायचं होतं, म्हणजे रान घरातल्या घरात राहिलं असतं. मेव्हणा तिशीचा आणि छबू तेरा वर्षांची. बायडाबाईनं सुपारी फुटायच्या दिवशी ताट उधळलं, चावडीवर उभी राहून दीराला नाही नाही ते बोलली, दोन दिवस पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दीरानं अर्ज केला, दोन जबाब जोडले, आणि न्यायाधीशांच्या हुकमानं तिला आमच्याकडं आणून सोडलं. त्याला चौदा महिने झाले होते.

मी रुजू झाले तेव्हा तिची तपासणी माझ्याकडं आली. आमचे प्रश्न ठरलेले असत. समज कशी आहे ते बघण्यासाठी एक प्रश्न असा होता, की रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं बंद पाकीट पडलेलं दिसलं तर तुम्ही काय कराल? बरोबर उत्तर, पोस्टाच्या पेटीत टाकेन.

“म्या हात बी लावनार न्हाई,” बायडाबाई म्हणाली.

“का?”

“मला वाचाय येत न्हाई. उचललं अन कुणी बगितलं, तर म्हनतील हिनंच चोरलं. कुनाचं काय आत असंल, काय ठावं!”

मी लिहिलं, ‘समज कमी. संशयी वृत्ती.’ आणि गुण दिला शून्य. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्यात काही चुकलं असं वाटलंही नाही. पुस्तकात तसंच होतं.

फाइलीत ‘दीर वाईटावर आहे असा समज’ याच्यापुढं ‘ठाम’ असं लिहिलेलं होतं. तो समज किती ठाम आहे, किती दिवसांचा आहे, त्यामुळं झोपेवर काय परिणाम झाला, याला रकाने होते. तो समज खरा आहे का, याला रकाना नव्हता. आणि शेवटी सगळ्यात मोठा रकाना, आजाराची जाण. एक ते सहा. आपण आजारी नाहीच असं जो म्हणतो त्याला एक. पाच मिळाले की सुटीचा विचार होई.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी समिती बसायची. एक न्यायाधीश, आमचे अधीक्षक डॉक्टर भडकमकर आणि गावातल्या एक समाजसेविका. बायडाबाई दोनदा त्यांच्यासमोर गेली होती.

“अजून वाटतं का, दीर तुमच्या वाईटावर आहे म्हणून?”

“वाटायचं काय त्यात? हायच.”

जाण, एक. पुढच्या वेळी बघू.

असं चाललं होतं. मग मार्चअखेर तिचा भाऊ सोपान भेटायला आला. मेंढरं राखणारा माणूस, मुंडासं हातात धरून दाराशीच उभा राहिला. त्यानं सांगितलं, छबूचं लग्न धरलंय, वैशाखात. त्या दिवशी बायडाबाईनं आमच्या दारावर डोकं आपटून घेतलं. ‘आक्रमक’ असा शेरा पडला आणि गोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली ती भिंत धरून. बसली. म्हणाली, “म्याडम, तुमी शिकल्याल्या हाय. मला एवढंच सांगा, काय बोललं म्हंजी ह्ये लोक मला सोडत्याल?”

मी भडकमकरांकडं गेले. माणूस वाईट नव्हता हो. रोज वॉर्डात फिरायचा, आवाज कधी चढवायचा नाही.

“सर, तिचं म्हणणं खरं असेल तर? एकदा कुणी गावात जाऊन विचारून आलं तर?”

“विजया,” ते चष्मा पुसत म्हणाले, “आपण मनाचं काम करतो. गावोगाव फिरून चौकशी करायला आपण तलाठी नाही. खरं असो वा खोटं, तिला त्याचा त्रास होतोय ना? तिनं ते सोडून द्यायला शिकलं पाहिजे. जाण आली की मी स्वतः समितीत बोलतो.”

मी हो म्हटलं. तिथंच पाय रोवून उभी राहिले असते तर! पण नोकरी कायम व्हायची होती, आणि खरं सांगते, मला ते बोलणं पटलंही होतं थोडं. शहाण्यासारखं वाटायचं ते ऐकताना.

म्हणून मग ती घोकंपट्टी. रोज दुपारी अर्धा तास. बायडाबाई हुशार. तिनं चार दिवसांत सगळं उचललं. कुठं थांबायचं, कुठं मान खाली घालायची, ‘गोळ्यांनी बरं वाटतंय’ हे कधी म्हणायचं. एकदा मीच समिती झाले आणि विचारलं, “आता घरी जाऊन काय करणार?”

“दीरांस्नी हात जोडीन. म्हनीन, भाऊजी, माझं डोस्कं ठिकाणावर न्हवतं.”

“छान.”

“अन मग पोरीला घिऊन रातोरात भावाकडं पळीन.”

“बायडाबाई!”

“ह्ये न्हाई सांगायचं त्यास्नी. कळतंय मला. याड लागलंय का?”

आम्ही दोघी इतक्या हसलो की मालनबाई, म्हणजे आमची आया, दारातून डोकावून गेली. “काय गं पोरींनो, पिकनिकला आलाय का?” म्हणाली. मला आठवतं, त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. मी चांगलं काम करते आहे असं वाटलं होतं.

समितीला तोंडी बोलणं पुरत नसे, लेखी जबाब जोडावा लागे. तो मी लिहिला. ‘मी आजारी होते हे मला समजले आहे. दीराबद्दल मी जे बोलत होते ते आजारामुळे होते, त्यात तथ्य नाही.’ एवढं लिहून मी थांबले. मग वाटलं, समितीला शंका यायला जागा नको. आधीच्या कागदांत सगळीकडं पोरीच्या लग्नाचा उल्लेख होता. म्हणून ‘दीराबद्दल’ याच्यापुढं मी भर घातली, ‘आणि मुलीच्या वयाबद्दल व लग्नाबद्दल’. बायडाबाईला वाचून दाखवलं.

“छबूच्या वयाचं कशापायी?”

“सगळं एकदम आलेलं बरं. पुन्हा विचारणार नाहीत.”

“पर ती चौदाचीच हाय, म्याडम. त्ये कसं खोटं म्हनायचं?”

“ते खोटं होत नाही. हा फक्त कागद आहे. तुम्हाला बाहेर पडायचंय ना?”

तिनं अंगठा उठवला. शाई पुसायला मीच माझा रुमाल दिला.

गुरुवारी सगळं पाठ केल्यासारखं झालं. पाठच केलं होतं म्हणा. न्यायाधीश वयस्कर होते, त्यांनी विचारलं, “काय बाई, दीरावर राग आहे?”

“न्हाई साहेब. माझंच डोस्कं फिरलं हुतं. त्येंनी दवाखान्यात आणलं म्हनून वाचले.”

समाजसेविकेच्या डोळ्यांत पाणी आलं. भडकमकर माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, “ही या मुलीची मेहनत.” मी जाणेपुढं पाच लिहिलं. आठ महिन्यांत प्रथमच कुणीतरी माझं कौतुक केलं, आणि ते असल्या कामासाठी!

शनिवारी सोपान तिला न्यायला आला. बायडाबाईनं दवाखान्याचे हिरवे कपडे काढून आपलं लुगडं नेसलं. चौदा महिने गाठोड्यात पडून त्याला कुबट वास येत होता. माझे दोन्ही हात धरून ती म्हणाली, “म्याडम, तुमी माझी आई झालासा.” माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी बाई. मला रडूच आलं.

ती फाटकातून गेल्यावर जावक टेबलावरचा कारकून आला. “मॅडम, जबाबाची आणि सुटीच्या कागदांची प्रत कुणाला पाठवायची?”

“नियमाप्रमाणं.”

“नियमाप्रमाणं म्हणजे ज्याच्या अर्जावरून दाखल, त्याला.”

“मग त्याला पाठवा ना. मला काय विचारताय?”

मी चहा पीत होते.

तीन आठवड्यांनी मला तालुक्याच्या कोर्टाचं समन्स आलं. बायडाबाईनं पोरीचं लग्न थांबवायला अर्ज केला होता. पळून जाणं जमलं नव्हतं, भगवाननं छबूला मेव्हण्याच्या गावी नेऊन ठेवलं होतं. आणि साक्षीला मला बोलावलं होतं ते बायडाबाईच्या वकिलानं नव्हे, भगवानच्या.

“फाइलीत आहे तेवढंच बोल,” भडकमकर म्हणाले. “जास्त शहाणपणा नको.”

मंगळवारी मी गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात छबू पहिल्यांदाच दिसली. कुणा मोठ्या बाईचं पोलकं तिला पिना लावून बसवलं होतं, साडीचा घोळ पायात येत होता. ती दोन बायकांच्या मधे बसली होती आणि आईकडं बघायची परवानगी नसल्यासारखी जमिनीकडं बघत होती. बायडाबाई समोरच्या खांबाला टेकून उभी. मला बघून तिनं मान हलवली, आशेनं. आपली मॅडम आली असं तिला वाटलं असणार.

पोरगी कधी शाळेत गेली नव्हती. जन्माची नोंद पंचायतीत सापडत नव्हती. भगवान मासाळच सदस्य म्हटल्यावर कशी सापडणार! त्यानं कुठल्याशा डॉक्टरचा दाखला आणला होता, वय अठरा पूर्ण. त्याच्याविरुद्ध उभा होता तो फक्त आईचा शब्द.

भगवानचा वकील शिर्के नावाचा, गोड बोलणारा माणूस. त्यानं माझ्यापुढं कागद धरला.

“हे अक्षर आपलं?”

“हो.”

“अंगठा अर्जदार बाईंचा?”

“हो.”

“त्यांना वाचून दाखवलं होतंत?”

“हो, पण—”

“पण नको, मॅडम. दुसरी ओळ जरा मोठ्यानं वाचा. कोर्टाला ऐकू जाऊ दे.”

मी वाचली. “दीराबद्दल आणि मुलीच्या वयाबद्दल व लग्नाबद्दल मी जे बोलत होते ते आजारामुळे होते, त्यात तथ्य नाही.”

प्रत त्याच्याकडं कशी आली हे मला तेव्हा लख्ख कळलं. मीच पाठवली होती. माझ्या हातचं अक्षर, माझ्या हातची भर, आणि धाडली तीही मीच. बायडाबाईला बाहेर काढायला जी किल्ली केली तिनंच मी तिच्या पोरीला कुलूप घातलं होतं.

आता ‘हा जबाब खरा’ म्हणाले तर छबू गेली. ‘खोटा’ म्हणाले तर बायडाबाई बरी न होताच सुटली असं ठरणार, ती पुन्हा आमच्याकडं, आणि छबू तरी गेलीच. कुठल्याही बाजूनं बघा, वाट नव्हती. मी बायडाबाईकडं बघितलं. ती ओठ हलवत होती, माझ्यासाठी की देवासाठी, कोण जाणे.

“साहेब,” मी न्यायाधीशांना म्हटलं, “हे वाक्य तिचं नाही. माझं आहे. तिला सुटी मिळावी म्हणून मी तिला ते शिकवलं.”

कोर्टात कुजबुज झाली. शिर्के वकिलाला वाईट वाटल्यासारखं त्यानं तोंड केलं.

“म्हणजे सरकारी दवाखान्याचा कागद खोटा?”

“हो.”

“तो आपण सही करून दिलात?”

“हो.”

“मग तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?”

“तेव्हा.”

“कशावरून?”

खरंच, कशावरून? माझा तिच्यावर विश्वास होता. कोर्टात विश्वास चालत नाही.

“ती कधी आजारी नव्हतीच,” मी म्हटलं.

“छान. तरसवाडीला गेला होतात?”

“नाही.”

“शेजारीपाजारी कुणाला विचारलंत, मुलगी केवढी?”

“नाही.”

“आपल्या दवाखान्यातून दुसरं कुणी गेलं?”

“नाही.”

“बाई तिथं किती महिने होत्या?”

“चौदा.”

“चौदा महिन्यांत कुणीही नाही. बसा मॅडम, आपण दमला आहात.”

अर्ज फेटाळायला न्यायाधीशांना अर्धा तासही लागला नाही. त्यांनी माझ्याविषयी दोन ओळी लिहिल्या, साक्षीदार भावनेच्या भरात असल्याचं दिसतं, विसंगत बोलते, भरवसा ठेवता येत नाही. मी असल्या ओळी लोकांविषयी रोज लिहीत होते. स्वतःविषयी ऐकल्यावर कळलं की त्यावर काही बोलताच येत नाही. जे बोलाल ते त्यातच मोडतं.

व्हरांड्यात छबूला जीपमध्ये बसवत होते. बायडाबाई धावली, तिला दोघांनी अडवलं. जीप गेली. मी तिच्याजवळ गेले आणि मला हुंदकाच फुटला. माफ करा म्हणायचं होतं, तेही येईना.

बायडाबाईनं माझं तोंड आपल्या पदरानं पुसलं. पटापट, इकडंतिकडं बघत. “रडू नगासा, म्याडम. हितं रडलं की लिवून घेत्यात.”

मग ती सोपानबरोबर निघून गेली. मागं वळून बघितलं नाही तिनं, आणि का बघावं?

पुढचे तीन दिवस मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. बुधवारी भडकमकरांनी नोटीस दिली, लेखी खुलासा करा. “तू पेशंटमध्ये फार गुंतलीस,” ते म्हणाले. “होतं असं नव्या माणसाचं. थोडी विश्रांती घे, कुणाशी तरी बोल.” मी क्वार्टरवर बसून खुलासा लिहीत राहिले. फाडला, पुन्हा लिहिला. नोकरी जाते का राहते, वडिलांना काय सांगायचं, याच काळजीत बुधवार, गुरुवार, शुक्रवार गेले. नोकरी गेली नाही, ते एक. ठपका बसला, बदली झाली, आणि दोन वर्षांनी मीच सोडली.

शनिवारी सकाळी मात्र शिर्के वकिलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी उठले आणि एसटी धरली. तरसवाडी पावणेदोन तासांवर होती. चौदा महिने जे अंतर कुणाला झेपलं नाही, ते पावणेदोन तासांचं.

मासाळांच्या दारापुढं मांडवाचे खांब उपटून ठेवले होते. केळीचे खुंट वाळत पडले होते. लग्न शुक्रवारी सकाळीच लागलं होतं.

शेजारच्या घराच्या ओट्यावर एक बाई शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. नाव सुंदराबाई. तिनं पाणी आणून दिलं, पण माझ्याकडं नीट बघेना.

“बायडाबाई कुठंय?” मी विचारलं.

“गेली पोरीच्या मागं. त्येंच्या गावच्या देवळात बसलीया म्हनं. हाकलून दिली तरी फिरून येऊन बसती.”

“तुम्हाला ठाऊक होतं, छबू केवढी आहे?”

“म्हंजी काय? आवं, ती अन माझी लती एका दिसाच्या. सकाळच्याला बायडा मोकळी झाली, दिस कलताना मी. सुईण एकच. दोनी पोरींस्नी आमी आलटून पालटून पाजलंय.”

“मग कोर्टात का नाही आलात? बायडाबाईनं सांगितलं नाही तुम्हाला?”

“आलती की. पाया पडली माज्या.” सुंदराबाई शेंगांची टरफलं गोळा करायला लागली. “मी येनार बी हुते. पर भगवाननं त्यो कागूद आणला न्हवं तुमचा. देवळाम्होरं माणसं जमवून सरपंचानं वाचून दावला. शिक्का हुता, तुमची सई हुती. बायडा सोताच म्हनती पोरीच्या वयाचं खोटं हाय, दवाखाना बी तसंच म्हनतो.”

“आणि तुम्हाला ते खरं वाटलं? तुमच्या डोळ्यांदेखत जन्मलेली पोर!”

तेवढ्यात फाटकातून एक मुलगी आली. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, दोन वेण्या, सकाळची शाळा सुटून आलेली. दप्तर ओट्यावर टाकलं आणि मला बघून आईच्या मागं जाऊन उभी राहिली. छबूएवढीच चण.

“कितवीत गं?” मी विचारलं.

“आठवीत.”

“जन्मतारीख माहीत आहे तुझी?”

तिनं सांगितली, शाळेत सांगतात तशी घडाघडा. चौदा वर्षं आणि दोन महिने. शाळेच्या रजिस्टरात, शाईनं लिहिलेली, शिक्क्यासकट. छबूची तीच.

सुंदराबाईनं लेकीचा हात धरून तिला जवळ ओढलं. पहिल्यांदाच तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं.

“खोटं न्हाई सांगत, बाई. त्यो कागूद ऐकून मी घरी आले अन हिचं वय मोजलं. बोटांवर. दोन डाव मोजलं. दोनी डाव चौदाच भरलं. तरी बी मनात आलं, एवढी शिकल्याली माणसं लिवत्यात, आपलंच मोजायचं चुकत असंल. म्हनून मग ऱ्हायले घरी.”